शेवटचा प्रवेश

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाटक शेवटाला आलं होतं. विजयसिंह सर विंगेत उभे होते. दोन वैरी घराण्यांतल्या प्रेमिकांची ही जुनी शोकांतिका त्यांनी वीस वर्षं वर्गात शिकवली होती, पण पोरांकडून बसवून घेतली होती पहिल्यांदाच. नायिका झालेली मनाली गुंगीचं औषध पिऊन निपचित पडली होती. ती मेली असं समजून नायक आर्यननं विषाची बाटली ओठाला लावली.

तेवढ्यात हॉल झाडणाऱ्या सरुबाई पायऱ्या चढून थेट रंगमंचावर आल्या आणि त्यांनी त्याचा हात धरला.

"मेली न्हाय ती, बाळा. औषध घेतलंय तिनं. बस जरा, उठंल आत्ता."

आर्यन गडबडला आणि खरंच खाली बसला. पाच मिनिटांनी मनालीही उठून बसली. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला.

पडदा पडल्यावर सर तणतणत आले. "सरुबाई, गैरसमज हाच या नाटकाचा प्राण आहे. ते दोघं नियतीमुळे मरतात."

"महिना झाला, रोज तालीम बघायचं चाललंय माझं, सर," सरुबाई म्हणाल्या. "ती जिती हाय हे समोर बसलेल्या समद्यास्नी ठावं असतंय. त्याला तेवढं कुणी सांगंना."



परीक्षेत सरांनी या नाटकावर दरवर्षीचाच प्रश्न घातला: या दोन मृत्यूंना जबाबदार कोण? निम्म्या वर्गानं एकच शब्द लिहिला, 'प्रेक्षक'. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले.