सोफ्यावर बसायचं कोणी?

“काका, तुमच्या घरच्या सोफ्यावर कोण बसतं?”

रेवाने विचारून टाकलं. एका दमात. दुकानाच्या काचेबाहेर तिच्या मैत्रिणी निशा आणि नीता बर्फाचा गोळा चोखायच्या थांबल्या. पैज त्यांचीच होती. दोघींच्याही घरी सोफे होते आणि दोघींनाही त्यांवर बसायला बंदी होती. नीताकडे सोफ्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर चादर आणि चादरीवर क्रोशाचे रुमाल. निशाकडे सगळे सोफ्याला पाठ टेकून खाली बसायचे आणि टीव्ही बघायचे. “सोफा विकणारा तरी सोफ्यावर बसतो का, विचारून दाखव. आहे हिंमत?” हिंमत रेवाकडे हल्लीच आली होती. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून ती दूधवाल्याशीसुद्धा हातवारे करून बोलायची.

जगनशेठ उरण नाक्यावरच्या या दुकानाचे मालक. भोवती सतरा सोफे आणि स्वतः लोखंडी स्टुलावर.

“आमचे घरी?” ते एकदम खूश झाले. “लई भारी सोफा हाय, पोरी. पाच वर्सं झाली, अजून प्लास्टिक पन फाटलं नाय!”

“हो, पण बसतं कोण?”

जगनशेठनी पंख्याकडे बघितलं. मग स्टुलाकडे.

“पावने आले तं बसतील ना. आमी खालीच बसतो. आमाला सवय हाय.”

काचेबाहेर दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. निशाचा गोळा काडीवरून निसटला. शेजारी उभ्या असलेल्या आईने रेवाला चिमटा काढला.

खरं तर सोफा निवडायचा मान रेवाचा होता. पहिल्या नंबराचं बक्षीस म्हणून बाबांनीच तो दिला होता. पण दुकानात शिरताच त्यांनी तो गुपचूप परत घेतला. कारण आत्या. मागच्या दिवाळीत आत्या ठाण्याहून आली. सतरंजीवर बसली. उठायची वेळ आली तेव्हा दोघांनी धरून तिला उभं केलं आणि उभी राहिल्यावर ती म्हणाली, “कमलाकर, नवीन पनवेलात ब्लॉक घेतलास, आणि पाहुण्यांना अजून सतरंजीच का रे?” तेव्हापासून ती सतरंजी बाबांच्या घशात अडकून बसली होती. येत्या रविवारी आत्या पुन्हा येणार होती.

“तो क्रीम कलरचा,” बाबा म्हणाले. “कसा मॉडर्न वाटतो. ताईला आवडेल.”

“प्लास्टिक मात्र अजिबात काढायचं नाही हं,” आई म्हणाली. “वर मी जुनी चादर घालीन. ताई आल्या की तेवढी चादर काढायची.”

“आणि आम्ही कुठे बसायचं?” रेवाने विचारलं.

“आपलं काय गं,” आई म्हणाली. “आपण घरचेच.”

जगनशेठ क्रीम सोफ्यावर फडकं मारायला गेले. तेवढ्यात बाबा कोपऱ्यातल्या चॉकलेटी सोफ्यावर टेकले. सतरांत तो एकटाच बिनप्लास्टिकचा. गिऱ्हाइकाने फोम दाबून बघावा म्हणून ठेवलेला. बाबा आधी अगदी कडेला बसले, दाताच्या डॉक्टरकडे बसतात तसे. मग जरा मागे सरकले. मग त्यांनी पाठ टेकली.

“शेठ, याचं लाकूड सागाचं आहे की—”

वाक्य तिथेच राहिलं. बाबा घोरायला लागले.

असेतसे नाही. रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने आत डोकावून बघितलं, इतके. रोज संध्याकाळी एसटीतून उतरून बाबा घरी यायचे आणि कपाटाला टेकून जमिनीवर बसायचे. कपाटाची कडी पाठीत रुतते म्हणून मधे उशी. आत्ता त्यांचे हात दोन बाजूंना पसरले होते आणि तोंड आनंदाने उघडं होतं. रेवाने आपले बाबा एवढे लांबरुंद कधी बघितलेच नव्हते.

“अहो! उठा! लोक बघतायत!” आई त्यांना हलवायला शेजारी बसली. बसली ती आत गेली. “अगं बाई!” ती म्हणाली. तिने इकडेतिकडे बघितलं, हळूच चपला काढल्या, पाय वर घेतले आणि पदराने वारा घ्यायला लागली. नवऱ्याला हलवायचं राहूनच गेलं.

जगनशेठ फडकं हातात धरून बघत राहिले. मग तेही शेजारच्या सोफ्यावर टेकले. प्लास्टिक कर्रकन वाजलं. ते दचकून उठले. दुकान आपलंच आहे हे आठवल्यावर पुन्हा बसले.

दहा मिनिटांनी बाबांना जाग आली. “हं,” ते मिशी पुसत म्हणाले, “तर तो क्रीम कलरचा बांधून टाका.”

रेवा रिकाम्या स्टुलावर चढली. काचेला बाहेरून दोन नाकं चपटी होऊन चिकटली. तिने हात पाठीमागे बांधले आणि हनुवटी वर केली.

“अध्यक्ष महाशय, आई आणि बाबा,” ती म्हणाली. अध्यक्ष सवयीने आले. “सोफा निवडायचा मान माझा होता. तो मी परत घेतलाय. आपण हा चॉकलेटी नेतोय, बिनप्लास्टिकचा. बाबा यावर घोरणार, आई पाय वर घेऊन बसणार आणि मी यावर उलटी लोंबकळून भूगोल वाचणार.”

“अगं, पण रविवारी आत्या?” बाबांचा आवाज चिरकला. “ती कुठे बसणार?”

“तिला घालू की सतरंजी,” रेवा म्हणाली. “ती पाहुणी. आपण घरचे.”