पांढरी पट्टी

“सर, माझ्या रॉकेटात एक तरी चूक दाखवता?”

मैत्रिणींनी ‘विचारूनच दाखव’ म्हटलं, म्हणून शर्वाणीने विज्ञान-प्रदर्शनाच्या परीक्षकांना ठणकावून विचारलं खरं. पण चूक होतीच. कागदी एसएलव्ही-३ रॉकेटचा दुसरा टप्पा सायबर कॅफेवाल्याने पानात बसावा म्हणून किंचित लहान छापला होता. जोडताना पडलेली फट तिने पांढऱ्या पट्टीखाली लपवली होती.

परीक्षकांचं बोट वर सरकत पट्टीपाशी येऊन थांबलं.

“एकही नाही. पहिला नंबर!”

टाळ्या कडाडल्या. बाबांनी फोटोसाठी मोबाइल उंचावला.

शर्वाणीने पट्टी टर्रकन सोलली. रॉकेटचा शेंडा कलंडला.

“अगं, हे काय!” आई ओरडली.

“आई, बाबा, हा नंबर मी घेणार नाही. पुढच्या वर्षी नवं रॉकेट आणणार, आणि हाच प्रश्न पुन्हा विचारणार!”