अंजनाची कॉमेंट्री

भरवेलीच्या खाणीतून रिटायर झालेले फकिरा मेश्राम दाढी करायला नेहमी बालाघाटच्या लोकेशच्याच सलूनमध्ये येत, कारण तिथं टीव्हीवर गोल्फ लावायला कोणी नाही म्हणत नसे. एकेकाळी देशात पहिली आलेली त्यांची मुलगी अंजना आता खेळत नव्हती. मॅच चालू असताना हिंदीत कॉमेंट्री करत होती.

"किती बोलते बे हे! खेळत होती तेच बरं होतं," बाकावरचा एक जण वैतागून म्हणाला. दुसऱ्यानं मोबाईलवर लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. कोणाला ती घमेंडी वाटत होती, कोणाला नुसती बडबडी.

लोकेश ओशाळला. त्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला आणि हसत म्हणाला, "काका, तुमचीच पोरगी हाय. सांगा न तिले, थोडं कमी बोल म्हणून."

फकिराजींच्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता. ते आरशाकडे न बघता टीव्हीकडेच बघत राहिले.

"आवाज वाढव बाबू," ते थकून म्हणाले. "बारा वर्सं झाले. बँकेची नोकरी सोडून खेळाले निघाली, तवा मी रागानं म्हनलं होतं, आता माह्यासंग कधीच बोलू नको."

लोकेशनं रिमोट उचलून आवाज वाढवला.



"जलमभर माह्यं काही आयकलं नाही पोरीनं. तेवढंच आयकलं."