कोरडी वाटी

‘कोरडी’ अशी चिठ्ठी लावलेल्या वाटीतल्या वाटाण्यांना मोड आले होते.

मुलगी खिडकीशी उभी राहून दोन्ही वाट्या आळीपाळीने निरखत होती. एकीत ओला कापूस, दुसरीत कोरडा, वाटाणे सारखेच. पाण्यावाचून बी रुजते का, एवढाच शाळेचा प्रश्न होता आणि उत्तर उद्या द्यायचे होते.

वडील औषधांच्या कारखान्यात तपासनीस होते. त्यांनी ‘कोरड्या’ वाटीतला कापूस चिमटीत धरून दाबला. बोटे ओली झाली. मग त्यांनी घरातल्यांची चौकशी सुरू केली; कारखान्यात करत तशीच, आवाज न चढवता.

आईला वाटले होते की पोर एका वाटीला पाणी घालायला रोज विसरते, म्हणून तीच ते घालत होती. हा विसराळूपणा कुणाच्या घराण्यातून आला, हेही तिने नजरेने सुचवले. आजोबांनी तर अभिमानाने कबुली दिली. दोन वाट्यांतला दुजाभाव त्यांना पाहवत नव्हता, म्हणून दुपारच्या चहाआधी तेही चमचाभर पाणी घालत होते.

“चिठ्ठी वाचता येत नाही का या घरात कुणाला?” वडील म्हणाले.

“येते की,” आजोबा म्हणाले. “कोरडी आहे असं वाचलं, म्हणूनच तर घातलं.”

एव्हाना मुलीने कागदावर लिहिले होते : कोरड्या वाटीतले वाटाणेही रुजले. वडिलांनी ते वाचले, खोडरबर घेतले आणि वाक्य पुसले.

“रुजले नाहीत, असं लिही.”

“पण रुजलेत, बाबा.”

“रुजायला नको होते. फुकट मार्क जातील.”

मग घरच्यांनी पाणी घातले असे लिहू का, असे तिने विचारले. आई चटकन म्हणाली की शाळेत आमची शोभा करू नकोस. वडिलांनी कागदावरचा खोडरबराचा चुरा फुंकून टाकला. अपेक्षित उत्तराशी जुळवून घेतलेला एक आकडा सापडला, तरी अख्खा अहवाल परत पाठवणारा माणूस म्हणून कारखान्यात त्यांचा दरारा होता. जेवताना हे ते स्वतःच सांगत.

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. पुसलेली जागा तशीच राहिली. तिने धुतलेली वाटी पुसून घेतली, कोरडा कापूस पसरला, वर वाटाणे ठेवले आणि ती दाराकडे निघाली.

“कुठे?” वडिलांनी विचारले.

“वरच्या शिंपीकाकांकडे ठेवते. बाईंना सांगेन, मला उशीर होईल.”

“का? आपल्या घरात जागा नाही?”

“जागा आहे,” ती चप्पल घालत म्हणाली. “पण काकांना माझ्या मार्कांचं काही पडलेलं नाही.”

कापूस खरोखर कोरडा आहे ना, हे पाहायला वडील सवयीने वाकले. मुलीने वाटीवर तळहात ठेवला आणि ती जिना चढू लागली.