भरमूचे पॅड

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला भरमू गावच्या हॉकी टीमचा गोलकीपर होता. पॅड घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तो तंबाखूच्या जुन्या पोत्यांच्या घड्या पायांना बांधायचा. चेंडू पोत्यावर आदळला की धुरळा उडायचा आणि बेळगाव कॅम्पातले गोरे सोल्जर शिंकत माघारी फिरायचे.

निपाणी एक. कॅम्प शून्य. शिंका बेसुमार.

"भरमूनं काय केलं? तंबाखूनं अडवलं!" म्हणून सगळं गाव हसायचं. गोल मारणाऱ्या श्रीपालच्या गळ्यात हार पडायचा आणि भरमू डोळे चोळत एकटाच घरी जायचा.

एका वर्षी कुठल्याशा गिरणीच्या पगारी टीमचे कप्तान देसाई बेळगावात खेळाडू निवडायला आले. त्यांनी भरमूला आधी ती पोती सोडायला लावली आणि कातडी पॅड दिले.

"आता रं कसं, भरमू?" श्रीपाल हळूच म्हणाला. "तुझी तंबाखू तर बाहेर बसली."

भरमू गोलात जाऊन उभा राहिला. देसाईंचे चांगले चांगले गडी चेंडू मारून मारून दमले.

गोल शून्य. शिंकाही शून्य.

"घेतला तुला," देसाई म्हणाले. "पण गड्या, पोत्यांशिवाय जमलं कसं?"

"लई सोपं गेलं की, सायेब," भरमू म्हणाला. "आजवर त्या धुरळ्यात चेंडू मलाबी दिसत न्हवता."