पाटीवरचा आकडा

“पाचवी आत आली, का आपण बाहेर निघायचं. मग ती कोणी का असेना.” निवृत्त होताना देवाजी फोरमन कामिनीला एवढंच सांगून गेले होते. डिटोनेटरच्या नळ्या भरायच्या त्या बुटक्या इमारतीच्या दारावर पाटी होती, ‘माणसं : चार’. स्फोटकांच्या कारखान्यात एका छताखाली किती जीव ठेवायचे, त्याचा तो नियम. आज चारावर पांढरा रंग फासला होता आणि वर ओला आठ उमटला होता.

मधुसूदन साहेबांना मोठी ऑर्डर मिळाली होती. दुसरी इमारत बांधायला वर्ष लागलं असतं. आकडा रंगवायला पाव तास पुरला. शिवाय साहेबांनी सत्यनारायणही घातला, तोही इमारतीपासून चांगला दोनशे पावलं लांब, ऑफिसच्या एसीत. दाराला लिंबू-मिरची टांगली. पाटीला हळद-कुंकू वाहिलं. देवाला इतक्या स्वस्तात चौकीदार ठेवलेलं कामिनीने पहिल्यांदाच पाहिलं. प्रसाद मात्र तिने डोळ्यांना लावून घेतला. प्रसादाचा काय दोष?

मग कामिनी आणि बाकीच्या सात जणी दारापाशी उभ्या राहिल्या. साहेब दारापासून बरेच लांब थांबून बोलले. आपण सगळे एक कुटुंब आहोत, म्हणाले. देव पाठीशी आहे, आता मनात काही आणू नका, म्हणाले.

“आठ चालतील साहेब,” कामिनी हळूच म्हणाली. “माझ्यासंगं सहा जणी येतीन. आठव्या जागेवर तुम्ही बसा.”

साहेब हसले. कोणीच हसत नाही हे पाहून त्यांनी घड्याळ पाहिलं. त्या कामाचं आपलं ट्रेनिंग झालेलं नाही, म्हणाले. चार नव्या पोरींचं ट्रेनिंग सकाळी चहाच्या आधी उरकलं होतं.

इनचार्ज कामिनी होती. तिच्याशिवाय काम सुरू होत नव्हतं. तिने कुलूप काढलं नाही. साहेबांचा आवाज थोडा गोड झाला. जमत नसेल तर किल्ली ऑफिसात ठेवा, उद्या सकाळी दुसरी इनचार्ज येईल, म्हणाले.

नव्यांतली काजल सगळ्यांत लहान. ती कामिनीला हळूच विचारायला गेली, पण शब्द सगळ्यांनाच ऐकू आले. “ताई, माय विचारीन, तिथं धोका तं नाही ना? काय सांगू तिले?”

“घरी कशाला सांगायचं?” साहेब म्हणाले. “काही झालं तर कंपनी कळवतेच.”

कामिनीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तुह्या मायले मीच जाऊन सांगीन,” ती काजलला म्हणाली.

मग कोणी न सांगता बाकीच्या सहा जणींनीही एकेक करून आपापल्या घराचा पत्ता सांगितला.

कामिनीने किल्ली ऑफिसच्या टेबलावर ठेवली. कामावर धातू चालत नाही म्हणून सकाळी काढून ठेवलेलं मंगळसूत्र लॉकरमधून घेऊन गळ्यात घातलं. सात पत्ते लिहून घेतलेला कागद पर्समध्ये नीट घडी घालून ठेवला. गेटवर चौकीदार चंपतराव दचकून उठले.

“भर दुपारी काहून निघाली वं? काही झालं का तिकडं?”

“अजून नाही, काका,” ती म्हणाली. “म्हणूनच आज जाऊन राहिली.”