गोळी आणि चमचाभर अँटासिड

दिगंबरच्या दंडातल्या चकतीने रक्तात भास थांबवणारं औषध कमी असल्याचं कळवलं आणि घराचं दार आपोआप बंद झालं. लेकीच्या लग्नाचा मुहूर्त तासाभरावर आला होता.

"गोळी थुंकून टाकलीत ना?" त्याच्या बायकोने, कुमुदने विचारलं.

"घेतली गं. पण लगेच वर अँटासिड घेतलं. त्याने गोळी रक्तात उतरत नाही."

"रुग्णाचं म्हणणं नोंदवलं जात नाही," दार म्हणालं.

काल रात्री सीमांतपूजनाच्या जेवणाने जळजळ नको, म्हणून तो चमचा कुमुदनेच त्याला पाजला होता.

"खरं सांगतायत ते," ती दाराला म्हणाली. "मीच पाजलं."

"तुमचीही तपासणी करावी लागेल. आत बसा."

तिने दारावर दोनदा थापा मारल्या. दिगंबरने सोफ्यावर जागा केली.

"ये, बस. माझं रोज असंच असतं."